दोन पेन्सिल सेलांचा उजेड

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या शेताला थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दादा जेवून तासभर आडवा होतो आणि लाईट आली की उठून विहिरीकडे निघतो. मोटर चालू करायची, पाट भरून आला की दारं धरायची, एक वाफा भिजला की फावड्यानं दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. हे पहाटेपर्यंत. शेताच्या तीन बाजूंना ऊस, बांधावर गुडघाभर गवत, पायाखाली चिखल. कांद्याला रात्रीचं पाणी देणाऱ्या माणसाला सोबत असते ती एका टॉर्चची. तो टॉर्च कसा असावा याचा विचार कुणीतरी नीट बसून करायला हवा, असं मला फार दिवस वाटत होतं.

दादानं मागणी केली तेव्हा अट एकच घातली. ‘‘अगं, पेन्सिल सेलवरचा बघ. चार्जिंगचा नको.’’

चार्जिंगचे टॉर्च आमच्या घरात बरेच होऊन गेलेत. मागून प्लग बाहेर येतो आणि सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचता येतो, तसले. नवे असताना त्यांचा उजेड डोळे दिपवतो. वर्षभरात आतली बॅटरी दम सोडते, मग रात्रभर चार्ज केलेला टॉर्च विहिरीपर्यंत जाईस्तोवर पिवळा पडतो. ती बॅटरी बदलायची सोय नसते, अख्खा टॉर्चच टाकून द्यावा लागतो. आणि पावसाळ्यात वादळवारं होऊन दोन दिवस लाईट गेली, की ज्या वेळी टॉर्च सर्वांत जास्त हवा त्याच वेळी तो चार्ज करता येत नाही. फाट्यावरच्या किराणा दुकानात मात्र बिस्किटांच्या बरण्यांशेजारी पेन्सिल सेलांची माळ कायम लटकत असते. लाईट असो वा नसो, रात्री नऊपर्यंत सेल मिळतो. दादाच्या अटीत एवढा सगळा अनुभव होता.

माझी मावशी मंडणगडला असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे विजेविना काढले. खांब आडवे, झाडं तारांवर. त्या दिवसांत तिच्या घरी मेणबत्त्या आणि पेन्सिल सेल यांच्यावरच रात्री निभावल्या. ती म्हणते, घड्याळ बंद पडलं तरी चालेल पण त्यातला सेल टॉर्चला लागेल, असे ते दिवस होते. एकच सेल भिंतीवरच्या घड्याळात, टीव्हीच्या रिमोटमध्ये, नातवाच्या खेळण्यात आणि टॉर्चमध्येही चालतो, ही गोष्ट साधी आहे, पण अडचणीच्या वेळी ती सगळ्यात मोठी ठरते.

पेन्सिल सेलची बाजू घेताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. आजचे झगझगीत टॉर्च लिथियम-आयनच्या जाड सेलवर चालतात. लॅपटॉपच्या बॅटऱ्यांत असायचे तसले, १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. अशा एका सेलमध्ये साधारण ११-१२ वॅट-तास ऊर्जा असते. साडेचौदा मिलिमीटर व्यासाच्या आणि जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीच्या चांगल्या रिचार्जेबल पेन्सिल सेलमध्ये २००० एमएएच, म्हणजे २ अँपिअर-तास, गुणिले १.२ व्होल्ट, म्हणजे २.४ वॅट-तास. दोन सेल घातले तरी पाचाच्या आतच. उजेडाच्या शर्यतीत पेन्सिल सेल जिंकणार नाही. प्रश्न असा की दादाला खरोखर किती उजेड लागतो, आणि तो किती वेळ.

इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि तुम्हीही बसा असं सांगेन, कारण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाजारातली निम्मी खोकी आपोआप बाद होतात. उजेड मोजायचं माप म्हणजे ल्युमेन. चांगला एलईडी एका वॅटमधून शंभर ते दीडशे ल्युमेन उजेड देतो. सर्किट, रिफ्लेक्टर आणि काच यांत त्यातला काही भाग जातो. हातात शंभर पडले असं धरा. दोन रिचार्जेबल पेन्सिल सेलांत सुमारे ४.८ वॅट-तास, म्हणजे आपल्याकडे साधारण ४८० ल्युमेन-तासांची शिदोरी आहे. ती ५०० ल्युमेननं उधळली तर तासभरही पुरत नाही. १०० ल्युमेननं वापरली तर पावणेपाच तास. २० ल्युमेननं वापरली तर दिवस-रात्र मिळून २४ तास. खोक्यावर ‘१०,००० ल्युमेन’ लिहिलेला, पेन्सिल सेलवर चालणारा टॉर्च दिसला तर एवढंच करून बघा: १०,००० ल्युमेनला निदान १०० वॅट लागतील, आणि दोन सेलांच्या २.४ व्होल्टमधून १०० वॅट काढायचे तर चाळीसहून जास्त अँपिअर प्रवाह ओढावा लागेल. हा सेल तेवढा प्रवाह देऊच शकत नाही. त्या आकड्याला मग काही अर्थ उरत नाही.

१०० ल्युमेन हा आकडा ऐकायला लहान वाटतो. म्हणून बाबांचा जुना टॉर्च आठवावा. स्टीलचा, दोन मोठ्या सेलांचा, पुढचं झाकण फिरवून झोत बारीक-मोठा करायचा. त्यातला बल्ब २.३८ व्होल्टचा आणि अर्ध्या अँपिअरचा, म्हणजे सव्वा वॅटच्या आसपास. त्यातून मिळायचे साधारण दहा ल्युमेन. बाकी सगळी ऊर्जा तारेच्या उष्णतेत जायची. त्या दहा ल्युमेनवर बाबांनी उभं आयुष्य रात्रीचं पाणी दिलं. आज दोन पेन्सिल सेल त्याच्या दहापट उजेड जवळपास तेवढ्याच वॅटमध्ये देतात. यामागे ज्यांचं काम आहे त्या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना, इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना, निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळसर चकाकणारा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. निचिया या जपानी कंपनीनं असा पांढरा एलईडी १९९६ मध्ये बाजारात आणला. नोबेलची बातमी वाचताना मला प्रयोगशाळा दिसली नव्हती, विहिरीची वाट दिसली होती.

आता खोक्यावरचे खरे आकडे. २००९ साली अमेरिकेत टॉर्च बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन एफएल १ नावाचं मानक ठरवलं. चांगल्या कंपन्या आकडे त्यानुसार देतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड, आणि तो मोजायचा टॉर्च लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत. चालण्याचा वेळ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो ते अंतर. लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. या तीन व्याख्या वाचल्या की खोकं कसं वाचायचं ते कळतं. ‘५०० ल्युमेन, चार तास’ असं लिहिलेलं असेल, तर त्यातले ५०० तीन मिनिटंच असू शकतात. नंतर टॉर्च तापू नये आणि सेल दमू नये म्हणून सर्किट उजेड शंभरावर आणतं, तिथून पुढे हळूहळू पन्नासापर्यंत उतरतं, आणि ही सगळी उतरण चार तासांत मोजलेली असते. त्यात खोटं काही नाही, पण दारं धरणाऱ्या माणसाला उपयोगाचा आकडा मधल्या पायरीचा असतो. सगळ्यात वरच्या पायरीचे ल्युमेन मी बघितलेच नाहीत. मधली पायरी किती ल्युमेनची आणि ती किती तास सपाट चालते, एवढंच शोधत राहिले.

पल्ल्याचंही तसंच. शंभर मीटर पल्ला असलेल्या टॉर्चनं शंभर मीटरवर काहीतरी आहे एवढंच कळतं. ते बैल आहे की बाभळीचं खोड, हे कळायला पन्नासावर यावं लागतं, कारण अंतर निम्मं झालं की तिथला उजेड चौपट होतो. हाच नियम उलटा लावला तर पल्ला दुप्पट करायला झोत चौपट तीव्र करावा लागतो. आणि डोळ्यांचं गणित आणखी वेगळं: उजेड दुप्पट केला तर डोळ्यांना तो दुप्पट वाटत नाही, थोडा वाढला एवढंच जाणवतं. १०० आणि १५० ल्युमेन शेजारी शेजारी धरल्याशिवाय फरक ओळखू येणार नाही. दीडशेचा टॉर्च दीडपट महाग असेल, तर ते पैसे सेलांवर खर्च करावेत.

आमच्या भागात पल्ल्याचा मोह पडतो तो बिबट्यामुळे. जुन्नरचं ऊसक्षेत्र आणि बिबट्या हे आता एकमेकांना धरूनच आहेत. पकडलेल्या, जखमी झालेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, आणि आमच्याकडच्या लहान पोरांनाही पिंजरा कसा लावतात ते माहीत असतं. लोकांना वाटतं, टॉर्च लांब मारणारा हवा म्हणजे बिबट्या लांबूनच दिसेल. पण वाट उसातून जाते. दोन्ही बाजूंना दहा-बारा फुटी हिरवी भिंत असताना तीनशे मीटरचा झोत त्या भिंतीवर दोन हातांवर आदळतो आणि उलटा डोळ्यांत येतो. उपयोग होतो तो वळणापर्यंतची वाट आणि दोन्ही बाजूंची उसाची बुडं एकाच वेळी दाखवणाऱ्या पसरट उजेडाचा. वळणावर मोठी पायरी लावून एकदा सगळीकडे फिरवायची. जनावराचे डोळे टॉर्चच्या उजेडात चमकतात आणि ती चमक ओळखायला फार ल्युमेन लागत नाहीत. बाकी भरवसा आवाजावर. दादा मोबाईलवर मोठ्यानं अभंग लावून चालतो. माणसाची चाहूल लागली की बिबट्या सहसा बाजूला होतो, म्हणून वनखात्याची माणसंही गाणी-बोलणी चालू ठेवायला सांगतात.

माझी खरी काळजी पायाखालची आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असावीत, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आमच्या बाजूला आहेत. मण्यार तर रात्रीचीच. घोणस बांधावरच्या पाचोळ्यात पडून राहिली की तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके पाचोळ्यात विरून जातात. नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर जे काम उभं केलंय त्यामुळे आमच्या तालुक्यात कितीतरी जीव वाचले, पण साप आधीच दिसला आणि पाऊल मागे आलं, तर दवाखान्याची वेळच येत नाही.

म्हणून रंगाकडे मी फार लक्ष दिलं, उजेडापेक्षाही जास्त. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो, ६५०० केल्विनच्या आसपासचा. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा चढला की उजेड निळसर होतो. त्याच्यात लाल-तपकिरी छटा मरून जातात. माती, पाचोळा, शेणखत, काठी, सापाची पाठ, सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्यानं सांगतात. शंभर म्हणजे सूर्यप्रकाशासारखे. साधे टॉर्च सत्तरच्या घरात असतात, चांगले नव्वदच्या वर. नव्वदच्या वरचा एलईडी तेवढ्याच विजेत थोडे कमी ल्युमेन देतो, आणि खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो म्हणून बऱ्याच कंपन्या तो घालत नाहीत. मी तो आवर्जून शोधला. केल्विन चार हजार ते पाच हजारांच्या मधले, दुपार कलल्यावरच्या उन्हासारखे. दादा पहिल्यांदा म्हणाला, ‘‘उजेड पिवळट आहे गं.’’ आठवड्यानं फोनवर त्यानं स्वतःहून विषय काढला: वाफा कुठपर्यंत भिजलाय ते आता वाकून हात न लावता कळतं, ओली माती आणि कोरडी माती वेगवेगळी दिसते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सापासाठी घेतलेला रंग त्याला पाण्यासाठी उपयोगी पडला.

उजेड कुठून येतो यालाही महत्त्व आहे. डोक्याला बांधायचा हेडलॅम्प हात मोकळे ठेवतो, फावडं धरणाऱ्या माणसाला तो सोयीचा वाटतो. पण डोळ्यांच्या अगदी जवळून निघालेला उजेड समोरच्या वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपवतो. खड्डा, ढेकूळ, दगड सगळे सपाट दिसतात. पावसाची झिमझिम किंवा धुकं असलं तर थेंबांवरून उलटलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. तोच टॉर्च कमरेच्या उंचीवर हातात धरला तर प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडते आणि जमीन वाचता येते. हरिश्चंद्रगडावर रात्री चढणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगते: हेडलॅम्प घ्या, पण उतरताना एक टॉर्च हातात असू द्या. दादासाठी चालताना हातात आणि दार मोडताना खिशाला किंवा टोपीला अडकवता येईल अशी दोन्ही बाजूंनी बसणारी क्लिप असलेला टॉर्च घ्यायचं मी ठरवलं. शेपटाला लोहचुंबक असेल तर फारच उत्तम. स्टार्टरची पेटी पत्र्याची असते. टॉर्च तिच्या झाकणाला चिकटवून ठेवला की दोन्ही हात मोकळे राहतात आणि फ्यूज बघताना दातांत टॉर्च धरावा लागत नाही.

पायऱ्या तीनच असाव्यात असं माझं मत आहे: मंद, मध्यम, जोरदार. बऱ्याच टॉर्चमध्ये बटण दाबत गेलं की मध्येच लुकलुकणारा प्रकार येतो, मग एसओएस, म्हणजे मदतीसाठीचा लुकलुकता इशारा, येतो. चिखलात उभं राहून मध्यमवरून मंदवर येताना डोळ्यांपुढे असला लखलखाट झाला तर पुढची काही मिनिटं काही दिसत नाही. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ते सरावलेपण एका झटक्यात जातं. तो प्रकार ज्यात नाही, किंवा मुद्दाम बटण दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय येत नाही, असाच टॉर्च घ्यावा. शेवटची पायरी लक्षात ठेवणारा असला तर आणखी बरं. सेल संपत आला की टॉर्च कसा वागतो हेही विचारून घ्यावं. काही टॉर्च शेवटपर्यंत एकसारखा उजेड देतात आणि मग एकदम विझतात. शेताच्या मध्यावर, पाटाच्या पलीकडे असताना एकदम अंधार होणं मला मान्य नाही. आधी उजेड पायरीनं खाली यावा, माणसाला घरी परतायला किंवा खिशातले सेल बदलायला वेळ मिळावा.

एक सेल की दोन, याचा निकाल लवकर लागला. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. एक सेल देतो सव्वा ते दीड. सर्किट व्होल्ट चढवून घेतं, पण एका सेलमध्ये शिदोरी निम्मीच. रात्रभराच्या कामाला दोनच हवेत. बारीक पेन्सिल सेल तीन घालायचा प्लास्टिकचा पाळणा असलेले टॉर्च मी सरळ बाजूला ठेवले. रिचार्जेबल घातले तर त्या तिन्हींत मिळून तीन वॅट-तासही धड नसतात, आणि पाळण्याच्या स्प्रिंगा पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. अंग ॲल्युमिनियमचं, जोडावर रबरी कडं, आणि पाणी आत शिरू नये म्हणून आयपीएक्स ८ किंवा निदान ७ हा दर्जा. पाटात पडणारच आहे.

सेलांबद्दल मात्र विस्तारानं लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण चांगला टॉर्च वाईट सेलांनी मेलेला मी खूप घरांत बघितलाय. दुकानातल्या माळेवरचा स्वस्त सेल कार्बन-झिंकचा. त्यावर बारीक अक्षरांत ‘आर ६’ लिहिलेलं असतं. अल्कलाईनवर ‘एलआर ६’, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडवर ‘एचआर ६’, आणि रिचार्ज न होणाऱ्या दीड व्होल्टच्या लिथियमवर ‘एफआर ६’. चारही आकारानं एकच, वागणुकीनं अगदी वेगळे. कार्बन-झिंक सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक असतं. सेल वापरला जातो तसं भांडंच झिजतं, शेवटी त्याला भोक पडतं आणि आतलं रसायन टॉर्चमध्ये पसरतं. घड्याळाला वर्षभर अगदी थोडी वीज लागते, तिथे हा सेल उत्तम. टॉर्चच्या मध्यम पायरीवर तो थोड्याच वेळात मान टाकतो. अल्कलाईन मंद पायरीवर छान चालतो, पण जोरात ओढला की त्याची ताकद आतल्या अडथळ्यातच जिरते. शिवाय तोही गळतो, पांढरा खार येतो. तो अल्कधर्मी असतो, म्हणून लिंबाच्या रसानं किंवा व्हिनेगरनं पुसला की बऱ्याचदा टॉर्च वाचतो.

रोजच्या कामाला रिचार्जेबलच. आणि त्यातही कमी गळतीचे, म्हणजे न वापरता पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे. जुन्या निकेल-मेटल हायड्राइड सेलांचा चार्ज महिनाभरातच बराच उतरायचा. २००५ च्या शेवटी सान्यो कंपनीनं एनेलूप आणले, वर्षभर पडून राहिले तरी ८५ टक्के चार्ज शिल्लक राहील असं सांगत, आणि तेव्हापासून चित्र पालटलं. आता तसे सेल बऱ्याच नावांनी मिळतात. पेन्सिल सेलवर ३५०० एमएएच छापलेलं दिसलं तर घेऊ नये. या रसायनात या आकाराला सत्ताविसशे-अठ्ठाविसशेच्या पुढे कुणी जात नाही, आणि दोन हजारवाले जास्त वर्षं टिकतात. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा असावा. दोन सेल एकापाठोपाठ लावलेले असताना एक भरलेला आणि एक अर्धा असला, तर अर्धा आधी रिकामा होतो आणि भरलेला त्याला उलटा पिळून काढतो. अशानं सेल कायमचा खराब होतो. म्हणून आमच्या घरी सेलांच्या जोड्या आहेत. वहिनीनं त्यांना नेलपॉलिशचे ठिपके लावलेत: लाल जोडी, गुलाबी जोडी. एक जोडी टॉर्चमध्ये, एक दादाच्या खिशात प्लास्टिकच्या डबीत. आणि लाईट नसली, चार्जर बंद असला, तर फाट्यावरच्या दुकानातला सेल त्याच टॉर्चमध्ये चालतोच. कमी वेळ चालतो, पण घरी आणून सोडतो.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहावं असं मी घरी बजावून ठेवलंय. पेन्सिल सेलच्याच आकाराचा एक लिथियम-आयन सेल मिळतो, १४५०० नावाचा. तो ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. ज्या टॉर्चवर तो चालतो असं स्पष्ट लिहिलंय त्यात तो भरपूर उजेड देतो. पण ज्या घरात सेल टॉर्चमधून घड्याळात आणि घड्याळातून खेळण्यात फिरतात, तिथे तो कधी ना कधी चुकीच्या ठिकाणी जाणार. साध्या दोन सेलांच्या टॉर्चमध्ये असे दोन घातले तर तीन व्होल्टच्या जागी आठ व्होल्ट जातील आणि एलईडी जळेल, त्याहून वाईटही होऊ शकतं. दुसरी गोष्ट, हल्ली यूएसबीनं चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल आलेत. आत छोटं सर्किट असतं, ते बहुतेकांत शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतं आणि मग एकदम बंद होतं. टॉर्चला आधी काही कळतच नाही, त्यामुळे तो खाली उतरून इशाराही देत नाही. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला ते ठीक, रात्रीच्या बांधावर नको.

हे सगळं बघून फेनिक्स, थ्रूनाईट, सोफर्न, कॉन्व्हॉय अशा पेन्सिल सेलवरचे टॉर्च बनवणाऱ्यांची पानं चाळली आणि एक घेतला. मॉडेलचं नाव लिहीत नाही, कारण ती सारखी बदलतात आणि वर सांगितलेल्या गोष्टी बदलत नाहीत. मधली पायरी सव्वाशे ल्युमेनच्या जवळ. ती चार तासांच्या आत-बाहेर चालते, मग जोडी बदलायची. घरी आल्यावर जुना आणि नवा दोन्ही टॉर्च एकाच खोलीत, छताकडे तोंड करून, आळीपाळीनं लावले आणि मोबाईलमधल्या उजेड मोजणाऱ्या ॲपनं खालचा उजेड बघितला. आकडा नेमका नसतो, पण दोन टॉर्चची तुलना त्यानं चांगली होते. तासाभरानं पुन्हा बघितलं. नवा जवळजवळ होता तिथेच होता.

मला हेही ठाऊक आहे की दादाला खरा हवा तो दिवसाचा उजेड. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, काही फिडर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या लाईनी, सौरऊर्जेवर आलेत, तिथली माणसं आता रात्री घरी झोपतात. मोबाईलवरून मोटर चालू करायचं यंत्र आम्हीही बसवलंय, पण दारं मोबाईलवरून धरता येत नाहीत. माझ्या भावानं रात्री दोन वाजता सापाबिबट्यांतून कांद्याला पाणी द्यावं, हे मला अजिबात पटत नाही, आणि मी ते ज्याला त्याला सांगते. आमचा फिडर दिवसाचा होईपर्यंत त्याच्या हातातला टॉर्च मला माझ्या परीनं चोख हवा आहे.

वापरलेल्या सेलांसाठी पडवीत एक जुनी बरणी ठेवलीय. पूर्वी ते उकिरड्यावर जायचे आणि तिथून खताबरोबर शेतात. आता बरणी भरली की मी पुण्याला येताना घेऊन येते आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे देते.

परवा दादाचा फोन आला. ‘‘तुझ्या वहिनीला पण एक पाहिजे. माझा देत नाही मी तिला आता.’’ मग वहिनीनंच फोन घेतला आणि तिच्या अटी सांगितल्या. त्या दादाच्या अटींपेक्षा नेमक्या आहेत. पहाटे गोठ्यात धार काढताना तिला लांबचं काही बघायचं नसतं. टॉर्च शेपटावर उभा राहिला पाहिजे, म्हणजे उजेड वरच्या पत्र्यावर पडून सगळीकडे पसरेल आणि गाय बुजणार नाही. एका सेलचा चालेल, पोरांच्या रिमोटमधला काढून घालता आला पाहिजे. मंद पायरी आधी लागली पाहिजे. गळ्यात अडकवायला दोरी हवी. आणि बटण शेपटाला नको, अंगाला हवं, दुधाची बादली हातात असताना अंगठ्यानं सापडेल असं. तसा एक सेलचा, पिवळट उजेडाचा शोधते आहे.